हरिभाऊ बागडे आमदार होते, ते थेट राज्यपाल कसे झाले? हे नशीब की कार्यकर्त्याला तशी वाट असते?

तुम्ही वैजापूर तालुक्यात पक्षाचं बूथचं काम करता आणि विचारलंय की, फुलंब्रीचे आमदार राजस्थानचे राज्यपाल झाले हे निव्वळ नशीब की साध्या कार्यकर्त्याला तिथवर पोचायची काही वाट असते. राज्यपाल झाल्यावर राजकारण कायमचं सुटतं का, हेही विचारलंय. मी फुलंब्री तालुक्यातला शेतकरी. त्यांच्या पक्षाचा नाही, पण नानांचं राजकारण कळत्या वयापासून पाहत आलोय. आमच्याकडे त्यांना सगळे नानाच म्हणतात.

आधी पदाचं सांगतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५५ प्रमाणे राष्ट्रपती सहीशिक्क्यानं राज्यपाल नेमतात, नाव प्रत्यक्षात केंद्र सरकार ठरवतं. अटी दोनच : भारताचा नागरिक आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण. मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. त्यामुळे कितीही काम केलं तरी हक्कानं मागता येईल असं हे पद नाही. दिल्लीत ज्यांचं सरकार आहे त्यांना तुमचं नाव सुचावं लागतं. ते सुचणं तुमच्या हातात नसतं, आणि त्या अर्थानं नशीब म्हणणारे अगदीच चूक नाहीत. पण ते नाव सुचण्याआधी काय काय झालेलं असतं, ते बघा.

नानांचा जन्म १९४५ चा. शेतकऱ्याचं घर, शिक्षण दहावीपर्यंत, लहान वयातच संघाची शाखा. तरुणपणी वर्तमानपत्रं विकून पोट भरलं. १९८५ साली औरंगाबाद पूर्वमधून पहिल्यांदा आमदार झाले आणि २००४ पर्यंत तो मतदारसंघ त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. त्या काळात आमच्या भागात गावची सोसायटी, जिल्हा बँक, कारखाना, शाळा, जिथं म्हणून शेतकऱ्याचा पैसा आणि पोरगं जातं ती प्रत्येक जागा काँग्रेसवाल्यांकडे होती. भाजपचा कार्यकर्ता भाषण चांगलं करायचा, पण उसाची उचल किंवा पीककर्ज अडलं की त्याच्याकडे कुणी जात नसे. नानांनी नेमकी हीच उणीव ओळखली असं मला वाटतं. ते जिल्हा दूध संघात शिरले, त्याचे अध्यक्ष झाले. चित्तेपिंपळगावला साखर कारखाना उभा करण्यात पुढाकार घेतला.

दूध संघ म्हणजे काय, हे दूध घालणाऱ्यालाच कळतं. सकाळी संकलन केंद्रावर फॅट लागली नाही, डिग्री (म्हणजे दुधाचा दाटपणा) कमी आली, की भाव पडतो. बिल लांबलं तर किराणा उधारीवर येतो, पेंडीचं पोतं आणता येत नाही. उन्हाळ्यात चारा संपलेला असताना जनावर विकायचं की ठेवायचं, हे त्या बिलावर ठरतं. असल्या संस्थेत रोज कुणीतरी तक्रार घेऊन दारात उभा असतो, आणि तो कोणत्या पक्षाचा हे विचारायची सोय नसते. दुष्काळी तालुक्यातल्या बाया-माणसांशी त्यांचं नातं इथं घडलं. शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात, १९९५ नंतर ते मंत्री होते आणि रोजगार हमीचं खातंही त्यांनी सांभाळलं. ज्या मराठवाड्यानं १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, तिथल्या माणसाकडे ते खातं जावं याचं आमच्या वडीलधाऱ्यांना अप्रूप होतं.

तुमच्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट २००४ ते २०१४ या दहा वर्षांत आहे. २००४ ला ते हरले. २००९ ला मतदारसंघांची फेररचना होऊन फुलंब्री मतदारसंघ झाला, तिथंही हरले. दोन्ही वेळा काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे जिंकले. वय तेव्हा चौसष्ट. एवढ्या वयात दोनदा पडलेला माणूस सहसा घरी बसतो, मुलाला पुढे करतो किंवा पक्ष बदलतो. नाना संघटनेत आणि संस्थांमध्ये काम करत राहिले आणि २०१४ ला काळेंनाच हरवून परत आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष झाले.

राजभवनाचं दार तिथं उघडलं, असं माझं मत आहे. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर आठवा. ते आधी लातूरचे नगराध्यक्ष, मग आमदार, विधानसभेचे अध्यक्ष, सात वेळा खासदार, लोकसभेचे अध्यक्ष, केंद्रीय गृहमंत्री आणि २०१० ते २०१५ पंजाबचे राज्यपाल. मधली दोनेक वर्षं राजस्थानचा अतिरिक्त कारभारही त्यांच्याकडे होता. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, शिक्षणात तर जमीन-अस्मानाचं अंतर, पण दोघंही विधानसभेच्या त्याच खुर्चीवर बसलेले. अध्यक्षाला अधिवेशन, विधेयक, नियम, शपथ यांची रोजची सवय होते. राज्यपालाचंही काम बरंचसं तेच.

नानांच्या अध्यक्षपदाच्या काळातलं सगळंच मला पटलं असं नाही. निवड झाली त्याच दिवशी त्यांनी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मतविभागणी, म्हणजे बाजूनं किती आणि विरोधात किती हे मोजणं, व्हायला हवी होती. मार्च २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीवरून गोंधळ घालणारे विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले. आमच्या गावात तेव्हा कर्जानं माणसं हवालदिल झाली होती. त्या आमदारांची रीत चुकली असेल, पण त्यांचा प्रश्न आमचा होता. शेतकऱ्यांमधूनच वर आलेल्या अध्यक्षांकडून माझी अपेक्षा जास्त होती.

आक्षेप नेमणुकीवरही घेता येतो. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं १९८८ मध्येच सांगितलं होतं की राज्यपाल बाहेरच्या राज्यातला असावा आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसावा. पहिली गोष्ट पाळली जाते. दुसरी कोणत्याच पक्षाच्या सरकारनं मनावर घेतलेली नाही. नाना जुलै २०२४ मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा आमदारच होते. ३१ जुलैला जयपूरला शपथ झाली. अनुच्छेद १५८ प्रमाणे राज्यपालाला सभागृहाचं सदस्य राहता येत नाही, त्यामुळे आमदारकी गेली. विधानसभेची मुदतच संपत आली होती, म्हणून पोटनिवडणूक झाली नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत भाजपच्याच अनुराधा चव्हाण निवडून आल्या.

आता एक गैरसमज दूर करतो, कारण आमच्याकडे पारावर तो अजून ऐकू येतो : "आता नाना राज्यपाल झाले, आपली कामं होतील." जयपूरच्या राज्यपालाचा फुलंब्रीच्या कामाशी काही संबंध नसतो. राजस्थानातसुद्धा त्यांना बहुतेक बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालावं लागतं. मराठवाड्याला ज्या राज्यपालाचं पद खरंच कामाचं होतं तो मुंबईतला. अनुच्छेद ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं झाली, १९९४ पासून. निधीचं न्याय्य वाटप बघण्याची खास जबाबदारी राज्यपालांकडे आली. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या मानानं मागे राहिलेली सिंचनाची कामं, हा शब्द आमच्या घरोघरी पोचला तो त्यातूनच. मराठवाड्याचे स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि आमचं गाऱ्हाणं मांडायची हक्काची जागा गेली. आपल्या भागातला माणूस राज्यपाल झाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी त्या मिरवणुकीच्या निम्म्या जोमानं हा विषय लावून धरला असता तर जास्त बरं वाटलं असतं. तुम्ही बूथवर काम करता, तुमच्या नेत्यांना हे जरूर विचारा.

राहिला शेवटचा प्रश्न. राज्यपाल झाल्यावर राजकारण संपतंच असं नाही, कायद्यानं तर मुळीच नाही. सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल होते, तिथून २००६ मध्ये केंद्रात मंत्री झाले आणि पुढे गृहमंत्रीही. श्रीनिवास पाटील २०१८ पर्यंत सिक्कीमला राज्यपाल होते, आणि २०१९ ला साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजेंना हरवून खासदार झाले.