आयोगाच्या सदस्याला कोण काढू शकतं?

प्रश्न : मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. अभ्यासिकेत परवा वाद झाला. एक मित्र म्हणतो, एमपीएससीच्या सदस्याने मुलाखतीत गडबड केली, तर मुख्यमंत्री एका जीआरने त्याला घरी पाठवू शकतात. खरं आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नाही. पण तुमच्या मित्राचा असा समज का झाला, ते मला कळतं. मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो तेव्हा सरकार बदललं की महामंडळांवरच्या अशासकीय सदस्यांच्या नियुक्त्या रद्द करायचे मसुदे मीच लिहायचो. चार ओळींचा कागद. सकाळी सही, दुपारी गाडी परत.

लोकसेवा आयोगाचं तसं नाही. सदस्याला नेमतात राज्यपाल, मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६२, यातलं जे आधी येईल ते. काढायचा अधिकार मात्र राज्यपालांनाही नाही, तो फक्त राष्ट्रपतींचा. संविधानाचा अनुच्छेद ३१७ काढून वाचाच. गैरवर्तनाचा आरोप असेल, तर राष्ट्रपती प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवतात. न्यायालय चौकशी करतं, गैरवर्तन झाल्याचा अहवाल देतं, मगच आदेश निघतो. तोवर राज्यपाल निलंबित करू शकतात, एवढंच. सरकारी कंत्राटात सदस्याचा हितसंबंध निघाला, तर तेही गैरवर्तनच धरतात. दिवाळखोरी, बाहेरची पगाराची नोकरी किंवा शरीर-मनाची असमर्थता असेल, तर न्यायालयाकडे न जाताही राष्ट्रपती काढू शकतात.

हे फार किचकट वाटेल. मला ते हवंच वाटतं. मंत्र्याच्या मर्जीवर खुर्ची असलेला माणूस तुमची मुलाखत घेणार असता, तर तुम्हाला झोप लागली असती का?

अरुणाचलचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिथल्या आयोगाचा पेपर फुटला, लोक रस्त्यावर उतरले. सदस्या मेपुंग तादर बागे यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, त्यांच्यावरचे आरोप सिद्ध होत नाहीत, निलंबन मागे घ्या. लोकांच्या संतापावर निकाल लागला असता, तर त्या केव्हाच घरी गेल्या असत्या.

म्हणून, खरंच काही खटकलं तर ‘सगळे म्हणतात’ असं लिहून तक्रार करू नका. तारीख, वेळ, समोर कोण होतं, नेमकं काय बोललं गेलं, हे त्याच संध्याकाळी वहीत उतरवा आणि सही करून राज्यपालांच्या कार्यालयाला पाठवा. पोच मात्र जपून ठेवा.