वाचक विचारतात : जुन्या दफनभूमीतले पुसट लेख

प्रश्न : शहरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतले थडग्यांवरचे लेख फार पुसट झालेत. खडू फासला किंवा दाढीचा फेस लावला की अक्षरं उठून दिसतात म्हणे. करून पाहावं का?

उत्तर : कृपा करून नको. खडू दगडाच्या बारीक छिद्रांत बसतो. तो काढायला घासावं लागतं आणि त्यातच उरलीसुरली अक्षरं जातात. फेसाचा अंश धुतल्यावरही मागे राहतो. ब्लीच सगळ्यांत वाईट : त्याचे क्षार दगडात मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर आतून सुटतो. संगमरवर बोटाला साखरेसारखा रवाळ लागला तर तो आधीच सुटत चाललाय, त्याला ओला फडकासुद्धा लावू नका.

खरं काम उजेडाचं. ऊन दगडाला जवळजवळ घासून गेलं पाहिजे. पूर्वेकडे तोंड केलेल्या दगडावर सकाळी ऊन समोरून येतं आणि अक्षरं सपाट दिसतात. त्यासाठी दुपारी बाराच्या आसपास जा. सावलीतल्या दगडासाठी हातभर लांबीचा आरसा न्या. एकाने उन्हात उभं राहून कवडसा कडेने टाकावा, दुसऱ्याने फोटो घ्यावा. फोटो दोनदा घ्या, एकदा प्रकाश बाजूने, एकदा वरून. बाजूच्या प्रकाशात उभ्या रेघा दिसतात, आडव्या बुडतात. इंग्रजी ७ मग १ वाटतो आणि मृत्यूचं सालच बदलतं!

शिशाची अक्षरं गळून पडली असतील तर ती बसवायला पाडलेली छिद्रं बघा. अक्षराचा आकार बऱ्याचदा त्यांच्यावरून जुळवता येतो. आणि उभ्या दगडाला टेकू नका, मुलांना तर टेकू देऊच नका. दगड उभा धरणारी आतली लोखंडी खुंटी गंजलेली असली तर बाहेरून कळत नाही.

प्रश्न : तिथलं चॅपल (छोटं प्रार्थनाघर) नेहमी बंद असतं. आत काय असतं?

उत्तर : कार्यालयाला आधी लिहून विचारा; त्याच पत्रात नाव आणि मृत्यूचं अंदाजे साल दिलं तर नोंदवहीतून कबरीचा क्रमांकही मिळू शकतो. आत गेल्यावर मधला चौथरा नीट पाहा, प्रार्थनेच्या वेळी शवपेटी त्यावर ठेवतात. लंडनच्या केन्सल ग्रीन (१८३३) दफनभूमीतल्या अँग्लिकन चॅपलमध्ये हा चौथरा द्रवाच्या दाबावर शवपेटीसकट तळघरात उतरतो. अंत्यविधी चालू असेल तर बाहेरच थांबा, कॅमेरा पिशवीत ठेवा.