दम लागतो तो दम, आणि शमदमातला दम

'शमदम' (मन शांत ठेवणं आणि इंद्रियं आवरणं) मधला दम आणि 'जिना चढून दम लागला' मधला दम एकच का, असा प्रश्न आहे. सोबत एक तर्कही दिला आहे: श्वासावर ताबा मिळवणं हाच इंद्रियनिग्रह, म्हणून एका अर्थातून दुसरा निघाला असावा. तर्क सुरेख आहे, पण हे शब्द दोन आहेत आणि दोन वेगळ्या घरांतून आले आहेत.

शमदमातला दम संस्कृत 'दम्' या धातूचा, म्हणजे वठणीवर आणणं, आवरणं. दमन, दांत (इंद्रियं जिंकलेला) हे त्याच कुळातले. जुंपायला शिकवायच्या खोंडाला संस्कृतात 'दम्य' म्हणतात. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापती नुसतं 'द' म्हणतो आणि देव त्यातून 'दाम्यत', म्हणजे स्वतःला आवरा, असा उपदेश घेतात, तो हाच दम.

दम लागतो तो मात्र फारसी. 'दम' म्हणजे श्वास, फुंकर. दम खाणं, दम कोंडणं, बेदम, हरदम हे सगळे त्याचेच, आणि दमा हा आजारही. आयुर्वेदात त्या आजाराचं नाव श्वास, त्याच्या पाच प्रकारांतला तमकश्वास आपल्या दम्याच्या सगळ्यात जवळचा. म्हणजे दोन्ही परंपरांनी रोगाला श्वासाचंच नाव दिलं.

पण 'फारसी' म्हणून शब्द बाजूला सारला, तर यातली खरी गंमत हातची जाते. संस्कृतातले घ, ध, भ इराणी भाषांत महाप्राण (म्हणजे 'ह'ची फुंकर मिसळलेले) न राहता ग, द, ब होतात. संस्कृत घर्म, फारसी गर्म. म्हणून आपला घाम आणि आपलं गरम ही चुलत भावंडं. शेतातला बांध आणि दाराचं बंद यांचंही तसंच. याच हिशेबानं फारसी दमचा संस्कृत भाऊ शोधला, की 'ध्मा' हा धातू सापडतो: फुंकणं. त्याचं वर्तमानकाळी रूप 'धमति'. गीतेच्या पहिल्या अध्यायात 'पौण्ड्रं दध्मौ महाशङ्खं' म्हणत भीम शंख फुंकतो, ते 'दध्मौ' याच धातूचं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.७२) ब्रह्मणस्पती लोहारासारखा फुंकून जग घडवतो, तिथे शब्द आहे 'अधमत्'. पोट फुगतं ते आध्मान. आणि धमनी म्हणजे मुळात फुंकनळी. रक्तवाहिनी हा अर्थ नंतरचा. दम आणि धमनी एका आजीची नातवंडं आहेत, हे कळल्यापासून मला तरी दमला परका म्हणवत नाही.

मराठीनं त्याला केवढं पसरू दिलंय! गवयाचा 'दमसास' पाहा. दम फारसी, सास हा श्वासाचा प्राकृत अवतार. अर्थ एकच, तरी जोडी जमली, बाजारहाट किंवा धनदौलत यांच्यासारखी. श्वास टिकतो तो जोर टिकतो, म्हणून मुद्द्यात दम असतो आणि पाऊस दमदार होतो. श्वास रोखून थांबायचं म्हणून दम धरायचा. थांबवत नाही त्याला दम निघत नाही.

'एकदम' मधला दम म्हणजे क्षण. फारसीत एका श्वासाएवढा वेळ तो दम. आपल्या ज्योतिषगणितातही 'प्राण' हे कालमापन आहे: सहा प्राणांची एक विनाडी, आणि अहोरात्रात २१,६०० प्राण. म्हणजे एक प्राण बरोबर ४ सेकंदांचा. आता 'एकदम छान' म्हणताना त्यातला क्षणही गळून पडलाय, उरलंय नुसतं 'अगदी'.

राहता राहिलं 'दमणं' आणि 'दम देणं'. दमलेल्या माणसाला धाप लागते हे खरं, पण नांगराला जुंपून दमवलेला बैल वठणीवरही येतो. सज्जड दम देणारा तर सरळ आवरायलाच बघत असतो. हिंदीत 'दम देना' म्हणजे फसवणं, झुलवणं, धाकाचा हा अर्थ मराठीतच ठसठशीत आहे. माझं मत असं, की मराठी बोलणाऱ्यांच्या कानात दोन्ही दम शेजारी शेजारी नांदत होते आणि या दोन ठिकाणी ते एकमेकांत मिसळले. दमदाटी करणाऱ्याच्या तोंडी फारसी दमपेक्षा मला संस्कृत दमनच जास्त ऐकू येतं.