एनएसएसचं श्रमदान, कपडे वाटप, रॅली... यातून समाजाचं खरंच काही होतं का, की नुसतं सर्टिफिकेट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एस.वाय.ला आहात, एनएसएसचे म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास भरायचेत, शिबिरात खड्डे खणून झाले, रॅली झाली, फोटो झाले. आता मित्र म्हणतात की हा सगळा टाइमपास आहे, सामाजिक न्यायासाठी काही करायचं तर चळवळीत जा. मग एनएसएस सोडू का?

सोडू नका. पण मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि काही वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. म्हणजे ते फोटो लावून अहवाल विद्यापीठाला पाठवणारा माणूस मीच. त्यामुळे हे बाहेरून मारलेले टोमणे समजू नका.

योजनेत खोट नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर ही मागणीही काही अवाजवी नाही. घोडं अडतं ते वेळापत्रकात. वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर बांध घालायचा, हे फार उपयोगी आणि जवळजवळ फुकटात होणारं काम आहे. पण ते पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायला हवं. तेव्हा आपल्या सत्र परीक्षा असतात. शिबिर लागतं जानेवारीत. मग शंभर पोरं कोरड्या ओढ्यात बंधारा घालतात, सरपंच नारळ फोडतात आणि गोण्या उन्हाने फाटून जातात. गावकरी समोर काही बोलत नाहीत, पाहुण्याला कोण बोलणार?

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. सेवा आणि न्याय यांतला फरक समजून घ्यायला मला महाडइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं झालं होतं. तरी प्रत्यक्षात त्या तळ्याचं पाणी ओंजळीत यायला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ उजाडावा लागला, त्या दिवशी मार खावा लागला आणि नंतर कोर्टात १९३७ पर्यंत भांडावं लागलं. कागदावरचा हक्क आणि हातात पडलेला हक्क यांच्यात केवढं अंतर असतं बघा. कॉलेजच्या पोरांना आजही काम आहे ते याच अंतरात, आणि त्याला कुदळ लागत नाही.

आमच्या भागातलंच सांगतो. दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आसपास, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज तिथे जाऊन जुने कपडे आणि बिस्किटाचे पुडे वाटतं. आमचंही वाटायचं. एका वर्षी आमच्या युनिटमधल्या एका मुलीने कोपीवरच्या बाईला सहज विचारलं, रेशन घेता का? बाई म्हणाली, कार्ड गावाकडं हाय, म्हातारीपाशी. हिथं कोण देतंय?

खरं तर कार्ड गावाकडे असलं तरी काही अडत नाही. 'एक देश एक रेशन कार्ड' २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या चार राज्यांत आधी सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि आधार असलं की कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. गावाकडे म्हातारीने तिच्या वाटचं तिकडे उचलावं, इकडच्यांनी आपल्या वाटचं इकडे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. हिशोब करा. कोपीवर कार्डातली चार माणसं असली तर महिन्याला २० किलो, पाच महिन्यांच्या हंगामात एक क्विंटल धान्य. ते मिळालं नाही तर किराणा उधारीवर येतो आणि उधारी शेवटी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात जाऊन बसते. आम्ही वाटलेल्या साड्यांची किंमत त्यापुढे काय होती?

पोरांनी पुढच्या महिनाभरात कोप्यांवर जाऊन कार्डांचे नंबर गोळा केले. फोन करून गावाकडून कार्डाचे फोटो मागवायचे, व्हॉट्सअॅपवर ते धूसर यायचे, पुन्हा मागवायचे. काहींचं आधार जोडलेलंच नव्हतं. मग पाच-सहा जणींना घेऊन जवळच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बीडचं कार्ड इथं चालत नाही. एका पोराने शांतपणे सांगितलं, काका, नंबर टाकून तर बघा. टाकला. मशीनवर घरातल्या सगळ्यांची नावं आली. आता बाईने अंगठा ठेवायचा, तर अंगठा लागेना. कोयत्याने आणि पाचटाने बोटं इतकी चिरलेली असतात की ठसाच उमटत नाही. साबणाने हात धुऊन झाले, पदराला पुसून झाले, डावा अंगठा झाला. शेवटी मधलं बोट घेतलं तेव्हा मशीनमधून पावती बाहेर आली. बाईने ती पावती आधी घडी करून कनवटीला लावली आणि मग पिशवी पुढे केली.

दुकानदाराला खलनायक करू नका, हे मुद्दाम सांगतो. त्याचंही म्हणणं होतं की माझा माल ठरलेला, त्यात ही चाळीस-पन्नास कार्डं वाढली तर शेवटच्या आठवड्यात गावातल्या लोकांना मी काय देऊ? ते बरोबरच होतं. म्हणून यादी घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागलं, निवेदनावर आवक क्रमांक घ्यावा लागला, पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागले. पोरं वैतागली. पण एका दुकानात भांडून पाच जणींना धान्य मिळतं. यादी वेळेत वर गेली आणि माल वाढून आला तर भांडायची गरजच राहत नाही. तुमच्या प्रश्नातल्या 'सामाजिक न्याय' या भारदस्त शब्दाचा रोजच्या कामातला चेहरा हा असा कंटाळवाणा असतो. आवक क्रमांक, पोच, स्मरणपत्र. उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. आपल्याकडे अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे आधी निबंध लिहायची सवय मोडते. मराठीच्या प्राध्यापकाने हे म्हणणं जरा धाडसाचंच आहे!

आणखी एक गोष्ट, तुमचे चळवळवाले मित्र ती तुम्हाला सांगणार नाहीत. आमच्या युनिटमधली निम्मी पोरं ऊसवाल्या शेतकऱ्यांची. कपडे वाटायला ती उत्साहाने यायची, पण रेशनचा विषय निघाला, त्यावरून मजुरीचा, टोळी आणणाऱ्या मुकादमाचा, एक दिवस चुकला तर कापल्या जाणाऱ्या खाड्याचा विषय निघाला, तशी कुजबुज सुरू झाली. एक जण उघड म्हणाला, सर, तोड मिळावी म्हणून हीच टोळी माझ्या बापाकडून खुशाली म्हणून वरचे पैसे घेते, ते कोण बघणार? शिबिरातलं त्या दिवशीचं नियोजित व्याख्यान मी रद्द केलं आणि फळ्यावर एका टन उसाचे पैसे मांडले. कारखाना, शेतकरी, वाहतूकवाला, मुकादम, तोडणारी जोडी, कोणाला काय मिळतं आणि कोण कोणाकडून वसूल करतं. वाद बराच पेटला, मिटला नाही. पण सात दिवसांच्या शिबिरात त्या पोरांनी खरं शिकलेलं काही असेल तर ते हेच, असं माझं मत आहे. आपण कुठे उभे आहोत हे न बघता केलेली सेवा अंगाला काही लावून घेत नाही, म्हणूनच ती सगळ्यांना आवडते.

सर्वेक्षणाबद्दल मात्र सावध राहा. छापील फॉर्म घेऊन कोपीत शिरायचं आणि बाईला गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय का विचारायचं, हे मी पोरांना करू दिलं नाही. प्रश्न खरा आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये राज्य सरकारने समितीही नेमली होती. पण उत्तर घेऊन आपण त्या बाईसाठी काय करणार आहोत, हे माहीत नसताना विचारायचं नाही. जिथे पुढे काही करता येतं तेच विचारा: रेशन, पोरांची शाळा, लस, अंगणवाडीचा आहार. शाळेचं तर सोपं आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. शिवाय निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. बहुतेकांनी ते घेतलेलं नसतं, एवढंच.

चळवळीत जावं का? जरूर जा. मोर्च्याशिवाय न सुटणारे प्रश्न असतातच. पण मोर्च्यात घोषणा द्यायच्या आधी ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यापैकी चार घरं तरी तुम्हाला नावानिशी माहीत असावीत.

तुमच्याकडे ऊस नसेल तर वीटभट्टी असेल, बांधकामावरचे मजूर असतील, किंवा तुमच्याच वसतिगृहातली मुलं असतील, ज्यांची महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती एका त्रुटीपायी अडकलीय. कॉलेजच्या आवारातलं काम कोणाला सेवा वाटत नाही, म्हणून ते तसंच पडून राहतं. एकच प्रश्न धरा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच भेटा आणि नियमित उपक्रमाचे १२० तास याच कामाला लावू द्या म्हणून मागा. नियमात बसतं, आणि त्यांनाही अहवालात लिहायला काहीतरी वेगळं मिळतं. टोळ्यांचं काम करायचं असेल तर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत पुरवठा शाखेत जाऊन मागच्या हंगामात बाहेरच्या किती कार्डांवर आपल्या तालुक्यात धान्य उचललं गेलं ते विचारून ठेवा. टी.वाय.ला गेल्यावर या कामाच्या नोंदींची वही कोणाकडे द्यायची, ते एफ.वाय.चं पोरगं आत्तापासून सोबत घ्या.