नोबेलच्या कार्यक्रमाची अकरा पोस्टर्स

कोल्हापूर

चि. सचिव,
अनेक आशीर्वाद.

विज्ञान मंडळाचं काम हाती आल्याबरोबर जनुकशास्त्रातल्या नोबेल शोधांचा कार्यक्रम घ्यायचं ठरवलंस, हे छान केलंस. आराखडा वाचला. अकरा शास्त्रज्ञांची पोस्टर्स, पाहुण्यांचं भाषण, प्रश्नमंजूषा, दारात डीएनएची रांगोळी. रागावू नकोस, पण अकरातली दहा पोस्टर्स काढून टाक.

पोस्टरवर फोटो, देश आणि साल असतं. वाचणारा दोन पोस्टर्स वाचतो आणि चहाच्या टेबलाकडं सरकतो. त्याला बक्षीस कुणाला मिळालं ते कळतं. त्या माणसाला नेमकं काय कोडं पडलं होतं आणि ते त्यानं कसं सोडवलं, हे कळत नाही. त्यापेक्षा एकच प्रयोग निवड आणि तो सभागृहात माणसं उभी करून कर.

माझं मत हरगोविंद खोराना यांना. १९६८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत मिळालं. त्यांचं नाव घेतलं की आपल्याकडं 'भारतीय वंशाचे' म्हणून आधी टाळ्या पडतात. पडू देत. मी त्यांना निवडतोय ते त्यांचा प्रयोग पुठ्ठ्याच्या कार्डांवर करता येतो म्हणून.

बारा मुलं ओळीत उभी कर. एकाच्या हातात 'यू', पुढच्याच्या हातात 'सी', मग पुन्हा 'यू', पुन्हा 'सी'. ही झाली आरएनएची, म्हणजे जनुकातला निरोप प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडं नेणाऱ्या रेणूची, साखळी; 'यू' आणि 'सी' ही त्याची अक्षरं. खोरानांनी अशी ठराविक क्रमाची साखळी रसायनशाळेत मुद्दाम घडवली होती, आणि खरी मेहनत तिथंच होती. आता प्रेक्षकांना विचार : पेशी ही अक्षरं वाचून प्रथिन बनवते, तर एका अमिनो आम्लासाठी, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या एका मण्यासाठी, ती किती अक्षरं एकदम वाचत असेल? उत्तर लगेच सांगू नकोस. एकाला ओळीसमोरून चालायला लाव आणि दर दोघांमागं हात आडवा धरायला सांग. सगळे गट 'यूसी', म्हणजे प्रथिनाच्या साखळीत एकच अमिनो आम्ल यायला हवं. मग चारचे गट करून बघ. सगळे 'यूसीयूसी', परत एकच. आता तीनचे कर. 'यूसीयू', 'सीयूसी', 'यूसीयू', 'सीयूसी'. इथं दोन येतात, आलटून पालटून. प्रयोगात मिळालेल्या प्रथिनाच्या साखळीत सेरीन आणि ल्यूसीन ही दोन अमिनो आम्लं एकाआड एक होती. त्यानंतर सभागृहात होणारी कुजबुज ऐक. तेवढ्यासाठी तरी हा खेळ कर.

मागच्या बाकावरचं कुणीतरी हुशार पोरगं म्हणेल, "पाच धरले तरी दोनच येतात की!" बरोबर आहे त्याचं. त्याला पुढं बोलव आणि कार्डं बदल : 'यू', 'यू', 'सी', परत 'यू', 'यू', 'सी'. पाचचे गट केले तर एकाच साखळीत तीन वेगळे गट एकामागून एक येतात. तीनचे केले तर जिथून वाचायला सुरुवात केली तोच गट शेवटपर्यंत राहतो. पहिल्यापासून वाचलं तर सगळे 'यूयूसी', दुसऱ्यापासून सगळे 'यूसीयू', तिसऱ्यापासून सगळे 'सीयूयू'. खोरानांना खरोखरच प्रथिनाच्या तीन वेगवेगळ्या साखळ्या मिळाल्या. एक निव्वळ फेनिलअलानीनची, एक सेरीनची, एक ल्यूसीनची. तीनचा अंदाज आधीपासून होता, फ्रान्सिस क्रिक आणि सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञांच्या १९६१च्या प्रयोगांनी त्याला बळही दिलं होतं. पण अशी कोडी एकमेकांशी ताडत ताडत तीन-तीन अक्षरांच्या सगळ्या ६४ शब्दांचा अर्थ लागला, हे पोरांना हातात कार्ड धरूनच कळेल.

एक गोष्ट आवर्जून सांग. या मालिकेतला पहिला शब्द १९६१ साली नीरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत हाइनरिख मॅथाई यांच्या हातून उलगडला. नुसत्या 'यू'ची साखळी घातली आणि नुसतं फेनिलअलानीन मिळालं. नोबेलच्या यादीत मॅथाई नाहीत. एक पुरस्कार तिघांपेक्षा जास्त जणांत वाटत नाहीत, पण त्या वर्षी तिघं कोण हे ठरवताना काय काय राहून गेलं, यावर चर्चा होऊ दे. पाहुण्यांच्या भाषणापेक्षा ती रंगेल.

वाचवलेलं एक पोस्टर बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं ठेव. त्यांना १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, एकटीला नोबेल मिळालं. शेजारी ठिपकेदार दाण्यांच्या मक्याच्या कणसाचा मोठा फोटो लाव. दाण्याचा रंग ठरवणाऱ्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसला की दाणा फिका पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा उडी मारून बाहेर पडला, की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या रंगीत होतात. लवकर बाहेर पडला तर मोठा डाग, उशिरा पडला तर बारीक ठिपका. डागाच्या आकारावरून वेळ ओळखायची! १९५१ साली त्यांनी हे परिषदेत मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आपल्या पोरांसाठी उसाचंही एक टेबल मांड. करवीर, कागल, शिरोळकडच्या निम्म्या मुलांनी शेतात टिपरी लावलेली असते, पण त्या डोळ्यातून फुटणाऱ्या उसात मूळ उसाचीच जनुकं येतात, हे पुस्तकाशी जोडून त्यांना कुणी सांगत नाही. नवं वाण हवं तर तुऱ्याकडं, म्हणजे उसाच्या फुलोऱ्याकडं, जावं लागतं. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी लागवडीच्या उसाचा नदीकाठच्या कास गवताशी संकर करून को २०५ काढला, तो १९१८ साली शेतकऱ्यांकडं गेला. आपल्याकडच्या को ८६०३२ मधला 'को' कोइमतूरचाच. उसाच्या रंगसूत्रांवर काम केलेल्या जानकी अम्मल याच केंद्रातल्या. नोबेल नाही म्हणून त्यांना वगळू नकोस.

केळ्यातून डीएनए काढायचा प्रयोग करणार असाल तर करा, पोरांना आवडतो. फक्त त्या पांढऱ्या धाग्यांकडं बोट दाखवून 'हा बघा दुहेरी पीळ' असं म्हणू नका. तो असंख्य रेणूंचा गुंता असतो, पीळ डोळ्यांना दिसत नाही. आणि रांगोळीवाल्या मुलींना सांग, पुढून दिसणारी पट्टी खालून वर जाताना डावीकडून उजवीकडं चढली पाहिजे. उलटा पीळ छापील चित्रांतसुद्धा सर्रास असतो.

पाहुण्यांना खेळ झाल्यावरच बोलायला उभं कर, वीस मिनिटांची अट आधीच घाल. सत्काराला शाल-श्रीफळ नको, ते पैसे पुठ्ठ्याला लागतील. रंगीत तालीम कधी आहे ते कळव. कार्ड धरायला माणूस कमी पडला तर मी येतो, 'सी' माझ्याकडं दे.

तुझे सर