सुई निवडताना

स्क्रॅच, म्हणजे टर्नटेबलवरची रेकॉर्ड हाताने मागे-पुढे ओढून आवाज काढणं, शिकायचंय ना? मग गोल टोकाची, म्हणजे स्फेरिकल सुईच घे. इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई बारकावे जास्त देते खरं, पण रेकॉर्ड मागे-पुढे ओढताना खाचा लवकर झिजवते. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलतं त्या) प्रकारचं हवं. त्यात सुई झिजली की तेवढीच बदलायची. शूर (Shure) कंपनीचं एम४४-७ हे कार्ट्रिज शोधत बसू नकोस, कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. जुनं मिळालं तरी मूळ सुई कुठून आणणार?

सुई उडते म्हणून तिच्यावरचं वजन वाढवत नेऊ नकोस. आधी टोकाला चिकटलेला धुळीचा पुंजका ब्रशने मागून पुढे काढ. मग टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, हवेत आडवा तरंगेल असा बॅलन्स करून कंपनीने सांगितलं तेवढंच वजन लाव. तरीही उडाली तर स्वतःचा हात बघ, जड पडत असेल.