चिनी चर्चमधले सूर नेमके कोणाचे?

प्रश्न : परदेशी स्थायिक झालेल्या चिनी ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये गायकवृंद जी स्तोत्रे गातात, त्यांपैकी बहुतेकांच्या चाली पाश्चात्त्य असतात, असे वाचनात आले. मग या गायनाला चिनी अस्मितेची खूण कसे म्हणता येईल?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, चिनी ख्रिस्ती विचारवंतांनाही ती फार पूर्वीच पडली होती. १९३६ साली सहा पंथांनी मिळून शांघायमध्ये जो संयुक्त स्तोत्रसंग्रह प्रसिद्ध केला, त्यातील ५१४ स्तोत्रांपैकी ६२ मुळातच चिनी भाषेत रचलेली होती आणि ७२ चाली चिनी होत्या. यांतील बऱ्याच चाली पंचस्वरी, म्हणजे आपल्या भूपाप्रमाणे सा रे ग प ध एवढ्यावरच उभ्या राहणाऱ्या आहेत, आणि त्यांपैकी अनेकींना ब्लिस वायंट या अमेरिकन मिशनऱ्याने चार आवाजांची बांधणी करून दिली.

तरीही पंचस्वरी चाल म्हणजेच चिनीपणा, हे समीकरण मला अपुरे वाटते. १९०१ साली चीनमधील फूचौ परिसरातून सारावाकमधील (आजच्या मलेशियातील) सिबूला गेलेल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या कुटुंबांसारख्यांच्या वंशजांना आजीच्या तोंडून ऐकलेले भाषांतरित स्तोत्रच वडिलोपार्जित वाटले, तर त्यांना चूक कसे म्हणावे?

खरा पेच आहे तो भाषेचा. कॅन्टोनीज या हाँगकाँग व दक्षिण चीनमधील चिनी बोलीत उच्चाराच्या चढउताराचे सहा प्रकार असून चढउतार बदलला की अर्थ बदलतो. परकी चाल मात्र आधीच ठरलेली असते, त्यामुळे ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द चढ्या, सपाट सुरावर पडला की ऐकणाऱ्याच्या कानी ‘डुक्कर’ येते. (जुनी मंडळी याची थट्टाही करतात आणि तेच स्तोत्र तितक्याच भक्तीने गातातही.) म्हणूनच हाँगकाँगहून आलेल्या मंडळींमध्ये शब्दांचा चढउतार सांभाळून चाल बांधलेली नवी गीते रुजली.

गायकांच्या हातातील कागदही पाहण्याजोगा असतो. पुष्कळ ठिकाणी त्यावर पाच रेघांऐवजी १ ते ७ हे अंक असतात. अंकाच्या वर टिंब दिले की वरचे सप्तक, खाली दिले की खालचे, आणि अंकाखाली एक रेघ ओढली की कालमान निम्मे. आज ही लिपी अगदी घरची वाटते, पण ती फ्रान्समधील पद्धतीवर आधारलेली आहे आणि चीनमध्ये पोहोचली ती जपानमार्गे. चिनी अक्षरे न येणाऱ्या तरुण गायकांसाठी शब्दांखाली रोमन लिपीत उच्चारही दिले जातात.

शिवाय हा प्रवाह आता मायदेशाकडून परदेशाकडे एवढाच वाहत नाही. १९९३ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘स्ट्रीम ऑफ प्रेझ’ या गटाची मँडरिन उपासनागीते तैवानमधील चर्चमध्येही सर्रास गायली जातात.